एचडब्ल्यूइन्फोचे आकडे ग्राफवर मांडायचे कसे आणि ग्राफमध्ये बघायचं काय

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नागपूरचा मित्र आहे, रायझन 5 5600 प्रोसेसर बॉक्समध्ये आलेल्या कूलरसकट, आरटीएक्स 3060 ग्राफिक कार्ड, मे महिना. गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांनी अडखळायला लागतो, व्हिडिओ एक्स्पोर्टला हिवाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एचडब्ल्यूइन्फो (पीसीतल्या सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून स्क्रीनशॉट पाठवलाय, त्यात सीपीयू मॅक्सिमम 90, ऑक्सटिन नावाच्या कुठल्यातरी सेन्सरवर 127 डिग्री, आणि 12 व्होल्टच्या जागी 10.9. विचारतोय की दादा यातलं काय खरं धरू, आणि याचा ग्राफ कसा काढतात.

पहिलं म्हणजे मॅक्सिममच्या कॉलमकडे बघून घाबरणं सोड. तो आकडा एका क्षणाचा असतो, कधी आला, किती वेळ टिकला, तेव्हा प्रोसेसर किती वॅट खात होता, यातलं काहीच तो सांगत नाही. 90 हा आकडा विंडोज चालू होताना अर्धा सेकंद आला असेल तर त्याला काही अर्थ नाही आणि वीस मिनिटं सलग 90 वर सपाट रेषा असेल तर तोच तुझा सगळा प्रॉब्लेम आहे. ग्राफ काढायचा तो एवढ्यासाठीच, रेषेचा आकार बघायला. आणि नुसत्या तापमानाची रेषा पण कामाची नाही, तापमान, क्लॉक (प्रोसेसरचा वेग), पॉवर आणि फॅनचा आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) हे चारही एकाच वेळेच्या अक्षावर आले पाहिजेत, तेव्हा कुठे कोण कोणाला मागे ओढतंय ते दिसतं.

127 चं आधी मिटवून टाकू. मदरबोर्डवर एक सुपर आय/ओ चिप असते, बहुतेक वेळा नुव्होटॉन किंवा आयटीई कंपनीची, तिला तापमान मोजायच्या बऱ्याच इनपुट पिना असतात आणि बोर्ड बनवणारा त्या सगळ्यांना सेन्सर जोडतोच असं नाही. जी पिन हवेत लटकतेय तिथे 127 येतं, कधी उणे आकडा येतो, कधी आकडा उगाच वरखाली नाचत राहतो. लोड टाकला आणि तो आकडा जागचा हलला नाही, किंवा कशाशीच संबंध नसल्यासारखा हलला, की समजायचं तिथे कोणी नाही. राइट क्लिक करून लपवून टाक.

10.9 व्होल्टचं पण जवळपास तसंच. चिपला 12 व्होल्ट थेट मोजता येत नाहीत, बोर्डवर दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणतात आणि सॉफ्टवेअर त्याला परत गुणून दाखवतं, तो गुणक त्या बोर्डसाठी चुकीचा असला की आकडा चुकीचा. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या, नियमाप्रमाणे 12 व्होल्टची लाइन साधारण 11.4 ते 12.6 मध्ये असायला हवी, आणि खरंच 10.9 असती तर ग्राफिक कार्डावर लोड आल्याआल्या पीसी बहुधा बंद पडला असता, तू वीस मिनिटं गेम क्वचितच खेळू शकला असतास. इथे पण ग्राफच बघायचा. रिकामा असतानाही 10.9 आणि लोडवरही 10.9, तर गुणक चुकलाय, सोडून दे. पण लोड आला की 12.1 वरून 11.5 वर धाडकन उतरतोय आणि लोड गेला की परत वर, तर पॉवर सप्लायकडे बघायला हवं. 3060 स्वतःसुद्धा तिच्याकडे येणारं 12 व्होल्ट मोजते, एचडब्ल्यूइन्फोमध्ये जीपीयूच्या (ग्राफिक कार्डाच्या) खाली ती ओळ दिसेल, दोन्ही ताडून बघ. शेवटचा शब्द मल्टिमीटरचा, मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर.

आता ग्राफ. एचडब्ल्यूइन्फो सुरू करताना सेन्सर्स ओन्लीवर टिक कर. यादीतल्या कुठल्याही ओळीवर डबल क्लिक केलं की त्या सेन्सरची छोटी ग्राफ खिडकी उघडते, खालचा-वरचा आकडा तुला हवा तो टाकता येतो. सीपीयूसाठी 30 ते 100 टाक, ऑटोवर ठेवू नकोस, ऑटोवर 41 ते 44 मधली किरकोळ हालचालसुद्धा सह्याद्रीच्या रांगेसारखी दिसते आणि लोक उगाच पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात ती) बदलत बसतात. पण ह्या खिडक्या झटपट नजर टाकण्यापुरत्याच. खरं काम लॉगिंगने होतं, खाली लॉगिंगचं बटण आहे, ते दाबलं की सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारा आकड्यांचा तक्ता) कुठे ठेवायची विचारतो आणि परत दाबेपर्यंत लिहीत राहतो. चारपाच रेषा एकत्र लाइव्ह बघायच्या असतील तर लिब्रे हार्डवेअर मॉनिटर सोपं पडतं, त्यात सेन्सरपुढच्या चौकटीत टिक करायची आणि व्ह्यूमधून शो प्लॉट लावायचं, तापमानाला एक अक्ष आणि आरपीएमला वेगळा असा तो आपोआप लावतो. फक्त जुनं व्हर्जन उतरवू नकोस, त्यात विनरिंगझिरो नावाचा ड्रायव्हर होता ज्यात सुरक्षेचं भोक आहे आणि 2025 पासून विंडोज डिफेंडर त्यावर बोंबलतो. बोंबलतो ते बरोबरच आहे, त्याला गप्प करून तेच वापरत बसायचं नाही, नवीन व्हर्जन घ्यायचं.

किती सेकंदांनी नोंद घ्यायची, तर एचडब्ल्यूइन्फोचा डिफॉल्ट 2000 मिलिसेकंद म्हणजे दोन सेकंद आहे. तुझ्या कामाला एक सेकंद कर, त्याच्या खाली जाऊ नकोस. लोक हौसेने 100 मिलिसेकंद लावतात, मग सॉफ्टवेअर सारखं सारखं प्रोसेसरच्या प्रत्येक कोरला उठवून विचारतं की बाबा तुझा क्लॉक किती, झोपलेला कोर जागा होतो, रिकाम्या मशीनचं तापमान चारपाच डिग्री वर दिसतं आणि मग प्रश्न येतो की माझा पीसी काही न करता का तापतो. अरे तूच त्याला झोपू देत नाहीयेस ना! सेटिंगमध्ये स्नॅपशॉट सीपीयू पोलिंग म्हणून पर्याय आहे, रायझनला तो चालू ठेव, हा त्रास कमी होतो. आणि एका वेळी एकच मॉनिटरिंग सॉफ्टवेअर. बोर्डाबरोबर आलेलं आरजीबीवालं, फॅनवालं, जे काय असेल ते टेस्टपुरतं बंद. दोघं एकदमच त्या सुपर आय/ओ चिपला विचारायला गेले की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात पडतं आणि ग्राफमध्ये मधूनच फॅन 0 आरपीएम किंवा तापमान 255 असे खिळे उभे राहतात. चांगली सॉफ्टवेअरं एकमेकांना थांबून वाट देतात, बोर्डाबरोबरची फुकटची सगळी देतातच असं नाही.

टेस्ट अशी कर. खोलीत एक साधा थर्मामीटर ठेव, कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ, जिथून हवा आत जाते तिथे. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. बोर्डाच्या कुठल्यातरी सेन्सरला खोलीचं तापमान समजू नकोस, तो कॅबिनेटच्या आतला असतो. मग लॉग सुरू कर, दहा मिनिटं काहीच करू नकोस, नंतर तुझाच तो व्हिडिओ एक्स्पोर्ट लाव, किमान अर्धा तास, आणि तो संपल्यावर लगेच लॉग बंद न करता अजून दहा मिनिटं चालू ठेव. थंड होतानाची रेषा फार बोलकी असते, का ते पुढे येतं. थर्मामीटर दर दहा मिनिटांनी बघून कागदावर लिही. गेमचा लॉग वेगळा, दोन्ही एका फाइलमध्ये कोंबू नकोस.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडलीस की दोनअडीचशे कॉलम दिसतील, दचकू नकोस. डिग्रीच्या चिन्हाच्या जागी कधी भलतंच अक्षर येतं, एन्कोडिंगचा घोळ आहे, दुर्लक्ष कर. फाइलच्या शेवटी कॉलमची नावं परत छापलेली असतात, त्या ओळी उडवून टाक नाहीतर चार्ट वेडावाकडा येतो. ठेवायचे कॉलम: तारीख, वेळ, सीपीयूचं टीसीटीएल/टीडाय (हेच त्याचं मुख्य तापमान), ॲव्हरेज इफेक्टिव्ह क्लॉक, सीपीयू पॅकेज पॉवर (पूर्ण प्रोसेसर किती वॅट खातो), सीपीयू फॅन आरपीएम, थर्मल थ्रॉटलिंगचे (तापल्यामुळे वेग कमी केला का) हो-नाहीवाले कॉलम, आणि जीपीयूचं तापमान, हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा), क्लॉक, पॉवर, परफॉर्मन्स लिमिटचे (कार्डाला कशाने अडवलंय ते सांगणारे) कॉलम. हो-नाही एक्सेलला अक्षरं वाटतात, फाइंड-रिप्लेसने त्यांचे 1 आणि 0 कर म्हणजे त्यांची पण रेषा काढता येते.

क्लॉकचा नेहमीचा कॉलम घेऊ नकोस, इफेक्टिव्हवालाच घे. नेहमीचा कॉलम कोर जागा असताना किती वेगाने पळतो ते सांगतो, झोपेचा वेळ त्यात धरत नाही, म्हणून रिकाम्या मशीनवर पण 4.4 गिगाहर्ट्झ दिसत राहतं आणि माणूस फसतो.

चार्ट काढताना लाइन चार्ट नको, स्कॅटर घे, रेषांनी जोडलेला. लाइन चार्टमध्ये एक्सेल प्रत्येक ओळीला सारखं अंतर देतं, म्हणजे मधे पीसी स्लीपमध्ये गेला किंवा दहा सेकंद अडकला तर ती फट चार्टमध्ये गायबच होते, आणि आपल्याला तर नेमकी तीच फट बघायचीय. तारीख आणि वेळ यांची बेरीज करून एकच कॉलम बनव, रात्री बारा ओलांडून टेस्ट गेली तर नुसत्या वेळेच्या कॉलमवर चार्ट उलटा फिरतो. सीपीयूचं तापमान आणि वॅट डाव्या अक्षावर बसतात, दोन्ही शंभराच्या आत आहेत, क्लॉक उजव्या अक्षावर. आरपीएम तिसऱ्या छोट्या चार्टमध्ये खाली लाव, त्याच वेळेच्या अक्षाखाली. एवढं करायचा कंटाळा असेल तर जेनेरिक लॉग व्ह्यूअर म्हणून फुकट प्रोग्रॅम मिळतो, तो हीच फाइल थेट उघडतो.

आता खरी गंमत. तापमानाची रेषा नीट बघितलीस तर चढण एकसारखी नसते, तिचे तुकडे पडतात. एक्स्पोर्ट सुरू झाल्याबरोबर एकदोन सेकंदात रेषा सरळ उभी उडी मारते. ती उडी प्रोसेसरच्या सिलिकॉनची आहे, तुझ्या 5600 चे सगळे कोर साधारण 80 चौरस मिलिमीटरच्या तुकड्यात बसलेत, बोटाच्या नखापेक्षा लहान, त्यात उष्णता साठायला जागाच नाही, म्हणून पॉवर आली की लगेच वर. त्यानंतर रेषा वाकते आणि पाचदहा मिनिटं हळूहळू चढते, तो कूलरचा ॲल्युमिनियम गरम होतोय, तव्यासारखा, त्याला वेळ लागतो. त्याच्याही पुढे वीस-तीस मिनिटं अगदी मंद चढ राहिला तर तो कॅबिनेटमधल्या हवेचा, म्हणजे जीपीयूने आतली हवा तापवलीय आणि सीपीयूचा कूलर तीच गरम हवा परत ओढतोय.

यावरून दोष कुठे आहे ते कळतं. उभी उडीच आधीपेक्षा मोठी झाली असेल तर पेस्ट सुकलीय किंवा कूलर नीट दाबून बसलेला नाही. उडी तेवढीच पण मधली चढण जास्त उंच गेली तर कूलरमध्ये धूळ किंवा फॅन मंद, आरपीएमची रेषा लगेच सांगेल. आणि शेवटचा मंद चढ थांबतच नसेल तर कॅबिनेटची हवा. खात्री करायचा सोपा मार्ग, साइडचं पॅनल काढून तीच टेस्ट परत कर आणि दोन्ही रेषा एकावर एक ठेव. थंड होतानाची दहा मिनिटं मी याचसाठी मागितली, एक्स्पोर्ट संपल्यासंपल्या रेषा जेवढी सरळ खाली पडते तेवढा फरक सिलिकॉन आणि कूलर यांच्यातला, म्हणजे पेस्टच्या वाट्याचा, आणि त्यानंतर जी सावकाश उतरते तो कूलर आणि हवा यांच्यातला. चढताना बूस्टमुळे (प्रोसेसर स्वतःच वेग वाढवतो-घटवतो त्यामुळे) पॉवर वरखाली होते म्हणून उडी नीट मोजता येत नाही, उतरताना पॉवर एकदम जाते, त्यामुळे स्वच्छ दिसतं.

आता तुझा मुद्दा, हिवाळ्यात चालत होतं आणि आता नाही. इथे एक छोटं गणित कर. तापमानातून खोलीचं तापमान वजा कर आणि त्याच क्षणाच्या पॅकेज पॉवरने भाग. उत्तर म्हणजे एका वॅटमागे किती डिग्री. समज नोव्हेंबरमध्ये खोली 24, सीपीयू 80, पॉवर 76 वॅट, ही 76 तुझ्या प्रोसेसरची फॅक्टरीतली मर्यादा आहे. तर 56 भागिले 76, साधारण 0.74. आता मे मध्ये खोली 37 धर. तसाच कूलर, तशीच पेस्ट असती तर 76 वॅटवर 37 अधिक 56 म्हणजे 93 व्हायला हवं, पण 5600 ला 90 च्या वर जायची परवानगीच नाही, तो स्वतःच पॉवर कमी करून 90 वर बसतो. 90 वजा 37 म्हणजे 53, भागिले 0.74, साधारण 72 वॅट. म्हणजे ग्राफमध्ये तापमान 90 वर सपाट आणि पॉवर 71-72 वर आली असेल तर कूलर जसा होता तसाच आहे, फक्त नागपूरचा उन्हाळा आहे. पण पॉवर 60 वर बसली असेल तर 53 भागिले 60, 0.88, म्हणजे कूलरची ताकद खरंच घटलीय, साफ कर आणि पेस्ट बदल. नोव्हेंबरचे तुझे खरे आकडे नसतील तर आत्ता साफ करायच्या आधीचा लॉग आणि नंतरचा लॉग असे दोन घे, तेवढ्यावर पण भागतं. थर्मामीटरशिवाय हे गणित होत नाही, सीपीयू 85 आला आणि 88 आला यावर तासन्तास वाद घालणारे लोक खोलीचं तापमान कधीच सांगत नाहीत आणि मग त्या वादाला काही अर्थ उरत नाही.

तीन रेषांचे नमुने लक्षात ठेव. तापमान 90 वर सपाट, पॉवर 76 च्या खाली, क्लॉक खाली: उष्णतेने अडवलंय. पॉवर 76 वर सपाट, तापमान 90 च्या बरंच खाली, क्लॉक थोडा कमी: पॉवरच्या मर्यादेने अडवलंय, हे नॉर्मल आहे, कितीही मोठा कूलर लावलास तरी फार फरक नाही. आणि तिन्ही खाली, तरी गेम अडखळतोय: सीपीयूचा दोष नाही, रॅम भरली का बघ, डिस्क बघ, गेमच तसा आहे का बघ.

आणि खरं सांगू का, गेममध्ये सीपीयू एक्स्पोर्टइतका तापतच नाही बहुतेक वेळा, म्हणून तुझे दोन प्रॉब्लेम दोन वेगळ्या कारणांचे असू शकतात. गेमच्या लॉगमध्ये जीपीयूकडे बघ. एनव्हिडियाचं कार्ड तापत गेलं की क्लॉक एकदम पाडत नाही, 15 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरतं, ग्राफवर जिना दिसतो, तो रोजचाच आहे, त्याने गेम अडखळत नाही. परफॉर्मन्स लिमिट थर्मलच्या कॉलममध्ये 1 येऊन बसला तर मात्र गंभीर. हॉट स्पॉट आणि कोर यांच्यात दहा-पंधरा डिग्रीचा फरक असतोच, लोडवर तो पंचवीसच्या पुढे जात असेल तर कार्डाची पेस्ट संशयित. फरकाचाच वेगळा कॉलम बनवून त्याची रेषा काढ, दोन रेषा शेजारी ठेवून डोळ्यांनी अंदाज करण्यापेक्षा ते बरं. कार्डाचा फॅन गेम सुरू नसताना 0 दाखवला तर घाबरू नकोस, बऱ्याच कार्डांत कमी तापमानाला तो मुद्दाम बंद राहतो.

एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान डिस्क) असेल तर तीपण एक रेषा घाल. मोठी फाइल कॉपी करताना स्पीड पडला आणि त्याच वेळी एसएसडीचं तापमान सत्तर-ऐंशीच्या आसपास सपाट झालं तर ती तापलीय, तापमान पन्नासच आहे आणि तरी स्पीड पडला तर बहुधा तिचा कॅश (वेगाने लिहायची तात्पुरती जागा) भरलाय, हीटसिंक लावून काही उपयोग नाही. हीटसिंक विकणारे हे सांगत नाहीत.

एसी लावून टेस्ट करणार असशील तर रेषेत करवतीसारखे दात दिसतील, दर काही मिनिटांनी दोनतीन डिग्री वर, परत खाली. तो कॉम्प्रेसर चालू-बंद होतोय, पीसीत काही नाही. साधा पाण्याचा कूलर खिडकीत असेल तर खोली थंड होते ते ठीक, पण त्याची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नकोस, ओलसर हवा आणि धूळ मिळून प्रोसेसरच्या कूलरच्या फिनांमध्ये (पातळ पत्र्यांमध्ये) जो थर बसतो तो ब्लोअरने निघत नाही, ब्रश लागतो.

पीसी मधेच आपोआप बंद पडत असेल, जे तू लिहिलं नाहीस पण पुढचा प्रश्न बऱ्याचदा तोच येतो, तर लॉगची शेवटची ओळ बघायची. रेषा चढत चढत मर्यादेपर्यंत जाऊन तुटली तर उष्णता, 65 वर आरामात चाललेली असताना तुटली तर पॉवर सप्लाय, यूपीएस किंवा सरळ लाइट गेली.

लिनक्सवाल्यांसाठी दोन वाक्यं. एलएम-सेन्सर्स (सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम) टाका, नुव्होटॉन चिपसाठी तिचा कर्नल ड्रायव्हर लोड करा, आणि फाइलमधून थेट वाचलंत तर 45000 म्हणजे 45 डिग्री, मिलीमध्ये असतं. प्रोमेथियस आणि ग्राफाना (आकडे साठवणारं आणि ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर) लावून महिन्याचा ग्राफ बघत असाल तर लांबच्या झूमवर दोन बिंदूंच्या मधल्या नोंदी वगळल्या जातात किंवा त्यांची सरासरी होते, आणि उंच टोकं हरवतात, त्यामुळे सरासरीसोबत त्या काळातलं कमाल मूल्य देणारी वेगळी रेषा काढाच. वर्षभर 55 डिग्रीची शांत रेषा दाखवणारा सर्व्हर रोज रात्री बॅकअपच्या वेळी दहा मिनिटं 95 वर असू शकतो.

तर आता तू एवढं कर. एक्स्पोर्टचा एक लॉग, गेमचा एक, दोन्हीसोबत खोलीचं तापमान, आणि मागच्या वेळी कूलर कधी काढून साफ केलास ते. फाइल झिप करून टाक, दोनअडीचशे कॉलम असले तरी झिप केल्यावर अगदी छोटी होते. पेस्ट आत्ताच बदलू नकोस, आधीचा लॉग आल्याशिवाय नंतरचा कशाशी ताडून बघणार? आणि स्क्रीनशॉट नको, सीएसव्हीच पाठव.